दुधावरचं निळं कडं

माझ्या घरात दूध तीनदा उकळतं. पहिल्यांदा वर येतं तेव्हा मी गॅस बारीक करते, खाली बसू देते आणि पुन्हा मोठा करते. तिसऱ्या वेळी पातेल्याच्या कडेनं फेस चढायला लागला की जवळ उभी राहून बघते आणि मनात म्हणते, मरा. नवरा म्हणतो, पहिल्याच उकळीला सगळं संपतं, पुढचा गॅस वाया. त्याचं बरोबर आहे. रोगजंतूंच्या लॅबमध्ये नोकरी करणाऱ्या बाईला हे माहीत नसेल असं थोडंच आहे? पण मेलेल्याला आणखी दोनदा मारण्यात काय सुख असतं, ते त्याला कळायचं नाही.

लॅबमध्येही माझं तेच. जंतू वाढवलेल्या काचेच्या बशा काम झालं की ऑटोक्लेव्हमध्ये जातात. ऑटोक्लेव्ह म्हणजे एक मोठा प्रेशर कुकर. त्याच्या झाकणाचे खटके मी दुसऱ्या कुणाला आवळू देत नाही. आत वाफ कोंडते, काटा वर सरकतो आणि मला शांत वाटतं. त्याला शिट्टी नसते, एवढीच काय ती उणीव.

मी डूख धरणारी बाई आहे, आणि हा डूख एका जंतूवर आहे. ब्रुसेला त्याचं नाव. आकारानं इतका क्षुद्र, की चांगल्या सूक्ष्मदर्शकाखालीही धुळीचे बारीक कण सांडल्यासारखा दिसतो. पण त्याची अक्कल बघा. आपल्या रक्तातल्या ज्या पेशी जंतूंना गिळून मारायला नेमलेल्या असतात, हा त्यांच्याच पोटात जाऊन राहतो, तिथंच वाढतो आणि त्यांच्याच पाठीवर बसून हाडांपर्यंत पोचतो. म्हशीच्या अंगात गेला तर गर्भाशयात ठाण मांडतो आणि दिवस भरायच्या आधी रेडकू बाहेर फेकतो. म्हैस मात्र मरत नाही. चार दिवसांत ती पुन्हा चरायला लागते, अंगानं भरते, डोळ्यांत भरण्यासारखी होते, आणि तिच्या दुधातून हा गुपचूप येत राहतो.

आमचं घर दुधाचं. कोल्हापुरात पेठेतल्या चौकात रोज संध्याकाळी आबा म्हशी आणून बांधायचे. आबा म्हणजे माझे वडील. गिऱ्हाईक म्हशीसमोर उभं राहायचं आणि धार थेट त्याच्या पेल्यात पडायची. फेसाळ, कोमट, तिथंच उभ्यानं प्यायचं दूध. त्याला आम्ही कट्टा म्हणतो. तालमीतली पोरं यायची, कचेरीतून घरी जाणारी माणसं यायची, लेकरांना कडेवर घेऊन बायका यायच्या. कट्ट्यावर उकळलेल्या दुधाचं नाव काढणं म्हणजे दुकानदाराला माल शिळा आहे का असं विचारणं. आबा म्हणायचे, "उकळलं की दुधाचा जीव गेला." शेजारच्या चौकातल्या कट्ट्यापेक्षा आमच्याकडे गर्दी जास्त असायची, आणि आबांची मान त्या गर्दीवर ताठ असायची.

सात-आठ वर्षांपूर्वी आमच्या गोठ्यात मामाकडची म्हैस आली. मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ. त्याचं गाव शिरोळकडे, कृष्णेकाठी. बाजारातून जनावर घेताना आबा दात बघायचे, कास दाबून बघायचे, आधीच्या मालकाच्या शेजाऱ्याला गाठून खोदून खोदून विचारायचे. पण मेव्हण्याच्या दावणीची म्हैस घेताना असलं काही विचारत नाहीत. तो अपमान होतो. आबांनी तिच्या पाठीवर हात फिरवला, मामाकडं जेवले आणि गाभण म्हैस टेम्पोत घालून घरी आणली.

नवव्या महिन्यात, म्हशीचे दहा महिने भरायच्या आधीच, ती गाभडली; रेडकू पोटातच मेलं. दुपारची वेळ होती. आबांनी बाही वर सारली आणि खांद्यापर्यंत हात आत घालून मेलेलं रेडकू ओढून काढलं. मग वार अडकली, तीही हातानंच सोडवली. सोळा वर्षं धारा काढून त्यांच्या बोटांना भेगा पडलेल्या होत्या. मी गरम पाण्याची बादली धरून शेजारी उभी होते. बाकीच्या तीन म्हशी दावं ताणून त्या ओल्या जमिनीला तोंड लावत होत्या. त्यांना कुणी हाकललं नाही.

रेडकू मेलं की म्हैस पान्हा सोडत नाही. म्हणून आमच्याकडे मेलेल्या रेडकाचं कातडं सोलून, मीठ लावून, आत पेंढा भरून ते तिच्यासमोर उभं करतात. ती ते चाटते, हुंगते आणि फसते. आबांनी तेच केलं. पेंढा भरलेलं ते रेडकू रोज संध्याकाळी छातीशी धरून चौकात न्यायचं काम माझं. गिऱ्हाइकांनी विचारलं तर सांगायचं, जन्मून दोन दिवसांनी गेलं. गाभडलेल्या म्हशीचं दूध कोण पिणार? त्यामुळे हे खोटं घरातल्या सगळ्यांना पाठ होतं.

महिनाभरात आबांना ताप आला. संध्याकाळी चढायचा, अंथरूण भिजेपर्यंत घाम यायचा आणि सकाळी माणूस कोरडा ठणठणीत. आठ दिवस गायब व्हायचा आणि पुन्हा यायचा. घामाला ओल्या पेंढ्यासारखा वास असायचा. मग कंबर धरली. पेठेतल्या डॉक्टरांनी टायफॉईडची औषधं दिली, मग मलेरियाची. तरी ताप हटेना तेव्हा मणक्याचा फोटो काढला आणि क्षयाच्या गोळ्या सुरू केल्या. त्या गोळ्यांनी आबांची भूक मेली. म्हशीखाली उकिडवं बसणारा माणूस भिंत धरून संडासला जायला लागला. आता हे पुन्हा चालणार की नाही, एवढाच प्रश्न घरात उरला होता.

डॉक्टरांनी एकदा नाही, तीनदा विचारलं होतं, "तुमच्या जनावरांत काही आजार? एखादी गाभडली वगैरे?" तिन्ही वेळा आबा म्हणाले, "न्हाई ओ, समदी ठणठणीत हाईत." मी शेजारी उभी असायची. बाहेर आल्यावर मला दटावलं, "हितं म्हशीचं नाव काढायचं न्हाई. भाईर बाकड्यावर कोण बसल्यात बघ. निम्मी आपलीच गिऱ्हाइकं हाईत." खरंच होतं ते. दवाखान्याचा पडदा पातळ होता आणि बाकड्यावर आमचाच कट्टा बसलेला होता.

त्या काळात मामा दर पंधरवड्याला यायचा. शहाळं आणायचा, आबांच्या उशाशी बसायचा, त्यांचा हात हातात घेऊन "काय हुईत न्हाई दाजी" म्हणायचा. तोवर आम्ही ती म्हैस त्याच्या दावणीला परत बांधली होती. घरातलंच जनावर, त्यात बोलण्यासारखं काही नाही असं दोन्हीकडून ठरल्यासारखं होतं.

मी तेव्हा लॅबचा कोर्स करत होते. एक दिवस सरांनी काचेच्या पट्टीवर रक्तातल्या पाण्याचा थेंब घेतला, त्यात गुलाबी थेंब मिसळला आणि पट्टी हलवली. गुलाबी रंग फाटून त्याचे बारीक कण झाले. सर म्हणाले, "संध्याकाळचा ताप, घाम आणि कंबरदुखी. गाभडलेल्या जनावराला हात लावला होता का, हे आधी विचारायचं. लोक लपवतात."  दुसऱ्या दिवशी मी आबांचं रक्त घेऊन गेले. माझ्या हातातल्या पट्टीवर तेच कण झाले. डॉक्टरांना कागद दाखवला तेव्हा ते आबांवर चिडले. औषधं बदलली. इंजेक्शनं, गोळ्या, महिनोन् महिने. आबा उठले, चालायला लागले, पण पाठ वाकली ती वाकलीच. म्हशीखाली बसणं संपलं. ते कट्ट्यावर स्टुलावर बसायचे आणि धारा मी काढायची. माझंही रक्त तपासलं. ते रेडकू मी दोन महिने छातीशी धरलं होतं, पण मला काही झालं नव्हतं. त्याचाही मला राग आला.

दूध तरी उकळून देऊ, असं मी आबांना एकदा म्हटलं. ते म्हणाले, "म्हैस गेली, आजार गेला. कट्टा बंद पाडतीस काय?" आणि मी ऐकलं. मला ते पटवून घ्यायचं होतं.

मग एक दिवस मामीचा फोन आला. आईशी बोलता बोलता ती सहज म्हणाली, "तुमच्याकडं यायच्या आदी आमच्याकडंबी तिनं दोनदा टाकलंतं की ओ वन्सं. ह्यांनी सांगितलं न्हवतं व्हय?" फोन स्पीकरवर होता. आईचं तोंड उतरलं आणि माझ्या डोक्यात काहीतरी पेटलं. म्हैस देताना त्याला माहीत होतं. बरं, ते सोडा. आबांना क्षयाच्या गोळ्या चालू झाल्या तेव्हा तो उशाशी बसून होता. एक वाक्य बोलला असता तर त्यांची पाठ वाचली असती. त्यानं शहाळं आणलं.

मी ठरवलं, ह्याला त्याच्याच गावात, चार माणसांत उताणा पाडायचा.

जनावरांच्या दवाखान्यातल्या एका ओळखीच्या डॉक्टरांकडून मी निळा रंग दिलेल्या मेलेल्या जंतूंचे चार थेंब मागून घेतले. नळीत कच्चं दूध घ्यायचं, थेंब टाकायचा आणि अंगाच्या उबेइतक्या उबेत तासभर ठेवायचं. दूध रोगट असेल तर निळा रंग सायीबरोबर वर चढतो आणि दुधावर निळं कडं बसतं. चांगल्या दुधात रंग सगळीकडं सारखा राहतो. लोकांना फरक दिसावा म्हणून मी आमच्या घरचं दूधही एका बाटलीत घेतलं. एका नळीवर पेननं लिहिलं मामा, दुसरीवर घर. चांगलं दूध कसं असतं ते बघू दे त्याच्या गावाला, असा माझा तोरा होता. रागात माणसाला एकच गोठा दिसतो.

भल्या पहाटेची एसटी धरून मी गेले. मामीला म्हटलं, धारोष्ण दूध दे. ती खूश झाली, तिनं तांब्या भरून आणला. मी घरामागच्या परड्यात जाऊन दोन्ही नळ्या भरल्या, थेंब टाकले, बुचं लावली आणि एक नळी उजव्या काखेत, एक डाव्या काखेत धरून वरून शाल पांघरली. घरातली उबेची पेटी हीच. मामीनं पोहे केले. कोपरं बरगड्यांना घट्ट दाबून मी ते खाल्ले.

"थंडी वाजतीया काय गं?" मामीनं विचारलं.

"बसमध्ये वारं लागलं," मी म्हटलं.

तिनं मला आणखी पोहे वाढले. वर ओलं खोबरं घातलं. मला तिची थोडी लाज वाटली, पण थोडीच.

तासाभरानं परड्यात जाऊन मी उजवी नळी काढली. मामा. वर निळं कडं, खाली पांढरंफेक दूध. माझ्या अंगावर आनंदाचा काटा आला. मग डावी काढली. घर. वर निळं कडं, खाली पांढरंफेक दूध.

नळ्या बदलल्या असतील असं वाटून मी अक्षरं पुन्हा वाचली. माझंच अक्षर. आमच्या तीन म्हशी, त्या ओल्या जमिनीला लावलेली त्यांची तोंडं, सगळं एकदम डोळ्यांसमोर आलं. शाळेतल्या पोरालाही सुचलं असतं ते मला वर्षभर सुचलं नव्हतं. आणि सगळ्यांत आधी आठवली ती आमच्या समोरच्या बोळातली सून. सातवा महिना चालू होता तिला. बाळ गुटगुटीत व्हावं म्हणून सासू तिला रोज कट्ट्यावर आणायची, आणि पेला मीच भरून द्यायची. ह्या जंतूला बाईचं आणि म्हशीचं गर्भाशय वेगळं वाटत नाही, हे मी पुस्तकात वाचलं होतं.

त्या क्षणी मी परत फिरायला हवं होतं. मी घरची नळी परड्यातल्या शेणकुटांच्या ढिगामागं टाकली आणि मामाची नळी घेऊन दूध संकलन केंद्रावर गेले.

रांग लागली होती. मामा कॅन घेऊन मधोमध उभा. मी नळी वर धरली आणि मोठ्यानं सांगितलं, "हे ह्यांच्या गोठ्यातलं दूध. वरचं निळं कडं बघा. ह्यांची म्हैस दोनदा गाभडली हे ह्यांना ठाऊक होतं, तरी आमच्या आबांच्या गळ्यात बांधली. आबांची पाठ मोडली. हेच दूध तुमच्या दुधात मिसळतं." केंद्रावरच्या माणसानं नळी हातात घेऊन बघितली आणि मामाचा कॅन बाजूला सारला.

मामा हळू आवाजात म्हणाला, "पोरी, घरात बोलली असतीस की."

"घरात बोलायचं होतं तर तुम्ही आबांच्या उशाशी बसून बोलायचं होतं," मी म्हणाले.

त्यानं भरलेला कॅन उचलला आणि खाली मान घालून घरी नेला. कुणी त्याला अडवलं नाही, पण कुणी त्याच्याजवळही उभं राहिलं नाही. मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू? परतीच्या एसटीत खिडकीशी बसून मी त्याचं तोंड पुन्हा पुन्हा आठवलं, आणि दर वेळी बरं वाटलं.

घरी आल्यावर मी सगळं सांगितलं नाही. मामाला कसा धडा शिकवला तेवढं सांगितलं. आई रडली. आबा म्हणाले, "बरं केलंस." दुसऱ्या नळीचं बोलायला तोंड उघडलं की चौकातली गर्दी दिसायची, स्टुलावरचे वाकलेले आबा दिसायचे. त्यांची पाठ गेली होती, आता कट्टा तेवढा उरला होता. असे अकरा दिवस गेले. अकरा संध्याकाळी मी धारा काढल्या आणि पेले भरले. त्या सुनेला मात्र टाळायला लागले. "वहिनी, आज दूध संपलं," म्हणायची. सासू हुशार. दुसऱ्या दिवशी ती सुनेला लवकर घेऊन यायची आणि सगळ्यांच्या पुढं उभी करायची. मग पेला भरून द्यावाच लागायचा. अकरातले पाच दिवस मी तो दिला.

बाराव्या दिवशी सून नेहमीसारखी पुढं उभी होती. मी तिचा पेला भरून हातात दिला आणि मान वर केली तर रांगेत तिच्या मागंच मामा. इस्त्रीचा सदरा, डोक्यावर टोपी. त्याच्या खिशाला, जिथं माणसं पेन लावतात तिथं, काचेची नळी होती. वरचं कडं वाळून काळपट झालं होतं. अक्षर माझंच होतं: घर. शेणकुटं काढताना ती मामीला सापडली असणार.

आबांनी त्याला बघून तोंड फिरवलं. मामा कुणाशी भांडला नाही. सून बाजूला सरेपर्यंत थांबला, पुढं आला आणि केंद्रावर बोलला होता त्याच हळू आवाजात म्हणाला, "दे पोरी एक गिलास. तुझ्या हातचं पितो."

नळीबद्दल तो एक अक्षर बोलला नाही. त्याला बोलायची गरजच नव्हती. मी रिकामा पेला हातात धरून बसले होते. भरून दिला असता तर तो प्याला असता, मला खात्री आहे. माझ्याकडं बघत घोट घोट प्याला असता, आणि मी जन्मभर त्याच्या शहाळ्याला नावं ठेवायला मोकळी राहिले नसते. शेजारी सुनेनं पेला ओठांपर्यंत नेला होता.

मी म्हणाले, "मामा, उकळून देते."

कट्ट्यावर हे वाक्य कधी कुणी ऐकलं नव्हतं.  आबा स्टुलावरून अर्धे उठले.

"का गं?" मामानं विचारलं. मोठ्यानं विचारलं, मागच्या माणसालाही ऐकू जाईल असं.

मी उठले, सुनेच्या हातातला पेला काढून घेतला, दूध गटारात ओतलं आणि सांगायला सुरुवात केली.

आमचा कट्टा त्या संध्याकाळी बंद झाला तो कायमचा. आबा माझ्याशी वर्षभर बोलले नाहीत. मामा मात्र त्या दिवशी घरी आला. आईनं उकळून दिलेलं दूध प्याला, "साय चांगली धरलीया" म्हणाला, नळी टेबलावर ठेवली आणि गेला. त्यानंतर तो आमच्याकडं आला नाही आणि भाऊबीजेला आई शिरोळला गेली नाही. ती नळी माझ्याकडं आहे. ती मी ऑटोक्लेव्हमध्ये घातलेली नाही.

समोरच्या सुनेच्या रक्तात जंतू निघाला. तिला गोळ्या चालू झाल्या, पण आठव्या महिन्यात तिचं मूल गेलं. ते माझ्या पेल्यामुळंच की आणखी कशामुळं, हे कुठलाही डॉक्टर छातीठोक सांगणार नाही. तिनं विचारलंही नाही. अजून ती त्याच बोळात राहते. माहेरी गेले की मी तिला दिसते, आणि ती माझ्याकडं जशी बघते तसं मी त्या दिवशी केंद्रावर मामाकडं बघितलं होतं. मी नजर खाली घालत नाही. ती बघून होईपर्यंत तिथंच उभी राहते.